मुसकेवालीची अखेरची ताकीद

मी, खाली सही करणारी, पाथरवटाची विधवा आणि स्वतःही पाथरवट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करीत आहे. दडपण आणायचा प्रयत्न मुलाने करून पाहिला. तो वाया गेला.

राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलाला. मागची दगडकामाची शेड, यंत्रे, छिन्न्या आणि पाण्याची टाकी माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीला. मुलगा म्हणेल, "आई, पोटचा मुलगा सोडून?" बाळा, तुला शिकवून मी धुळीतून बाहेर काढलं. आता त्या धुळीच्या जागेवर इमारत उभी करायची स्वप्नं बघू नकोस.

शेडला एक अट आहे. तिचे कारण लिहून ठेवते.

या घरात खोकला घराण्याचाच मानला जाई. सासरे खोकत गेले, मग माझा नवरा. तो तोंडाला ओला रुमाल बांधून दगड कापायचा. शेवटी शेवटी उशीवरून मान उचलली तरी त्याला धाप लागे. छातीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याला दिसते ती धूळ नाकात अडकते. दिसत नाही ती रुमालातून आरपार जाते." तो गेल्यावर मी शेडला कुलूप लावीन असे सगळ्यांनी धरून ठेवले होते. मी आधी यंत्रावर पाण्याची धार बसवली, म्हणजे धूळ उडायलाच नको. मग मास्क आणायला गेले.

दुकानदाराने दवाखान्यातला पातळ मास्क पुढे केला. तो परत केला. मग वाटीसारखा जाड दाखवला. तो बरा होता, पण माझ्या चष्म्यावर वाफ धरली. श्वास कडेने बाहेर पडतो, तर धूळ कडेनेच आत येणार. शेवटी दोन्ही बाजूंना गाळण्या असलेला रबराचा मास्क चढवला, गाळण्यांवर तळवे दाबून श्वास ओढला. रबर गालांना घट्ट चिकटले. तो घेतला.

शेडमध्येच काम करणारे दीर तो बघून पोट धरून हसले. "वहिनी, मळणीच्या बैलाला मुसकं बांधलंय जणू!" गल्लीत माझे नाव मुसकेवाली पडले. मी ते दगडात कोरले आणि शेडच्या दारावर बसवले. ते तिथून कोणी काढू नये.

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हीही लावा. आणि दाढी उतरवा, केसांतून फट राहते."

"बाईमाणसाच्या सांगण्यावरून? जमणार नाही."

"मग डोक्यावरून घ्यायचा टोप मिळतो. आत पंख्याने गाळलेली हवा येते. मी आणते."

"मी काय चंद्रावर चाललोय?"

मी मेन स्विच पाडला. उघड्या नाकाने माझ्या शेडमध्ये यंत्र चालणार नाही, असे सर्वांसमोर सांगितले. दीर सगळे कारागीर घेऊन गेले आणि समोरच दुसरी शेड घातली. मोठी कामे तिकडे गेली. माझ्याकडे राहिली एकटी पॉलिशवाली. ती म्हणाली, "मला नातवंडं बघायचीत. मला चालेल मुसकं." आम्ही दोघींनी पायऱ्या आणि ओट्यांचे दगड घडवून शेड जगवली.

पुढे समोरच्या शेडमधला खोकला इथवर ऐकू येऊ लागला, आणि एक दिवस ती शेड बंद झाली. पुतणी माझ्या दारात आली. "काकू, बाबांना आवडणार नाही."

"मला आवडलंय. आत ये."

तेव्हा अट अशी: ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला बसणारा मास्क, श्वास जड होताच नवी गाळणी, कोरडा झाडू बंद. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्यालाही सूट नाही. अट मोडल्यास शेड पॉलिशवालीची. तिच्या हातून ती मोडणार नाही.

घराची पुढची, पायऱ्या नसलेली खोली दिरांना त्यांच्या हयातीपर्यंत. मुलाने कुरकुर करू नये. इस्पितळात श्वासाच्या यंत्राचा मास्क नीट बसेना, म्हणून त्यांची दाढी उतरवली. मी हसले नाही. फार जड गेलं.

आज वकीलबाई हे वाचून दाखवत होत्या, तेव्हा भाऊजी म्हणाले, "साक्षीला मी सही करतो."

"ज्याला काही मिळतंय, त्याने साक्षीला राहू नये," वकीलबाई म्हणाल्या.

"मग माझी खोली खोडा."

"खोली राहील," मी म्हटलं.

ते बराच वेळ दम गोळा करत बसले. मग म्हणाले, "तर मग पोरीच्या शेडबाहेर मला एक खुर्ची द्या. आत जाणाऱ्याच्या मास्कला फट कुठे राहते, ते माझ्याइतकं कोण ओळखणार?"

म्हणून हे वाढीव कलम: शेडबाहेर, वारा येतो त्या बाजूला, दिरांची खुर्ची राहील. त्यांनी मान हलवल्याशिवाय कोणी आत जाणार नाही. पुतणीसुद्धा नाही.

सही: मुसकेवाली

साक्षीदार: १. छातीच्या डॉक्टरीणबाई
२. मास्कचा दुकानदार

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: सोमवार, शेड चालू असताना