आधी पाठ, मग धार

मी, वय वर्षे सत्तावन्न, अविवाहित, शाळेत संस्कृत शिकवून थकलेला, हे कागद स्वतःच्या अक्षरात, शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शरीराचं काय ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे, याची खात्री माझ्या शुद्धलेखनावरून करून घ्यावी.

एक. राहतं घर माझ्या धाकट्या भावाला व भावजयीला. दक्षिणेकडच्या खिडकीचा कडी-कोयंडा मी स्वतः बसवलेला आहे, त्यामुळे ती लागत नाही. सुताराला बोलवावं.

दोन. पुस्तकं शाळेला. मोठा शब्दकोश तेवढा पुतणीला. त्यातला 'पाठ' हा शब्द मी लाल शाईने खुणावला आहे. का, ते चौथ्या कलमात येईल.

तीन. शेजारचे डॉक्टर आठ वर्षं माझ्या लेथच्या आवाजाबद्दल तक्रार करत आले. त्यांना मी कातलेली सर्व पेनस्टँडं द्यावीत, म्हणजे हिशेब चुकता होईल. एकही सरळ उभं राहत नाही.

चार. लाकूड कातण्याचा लेथ, पटाश्या आणि तोंडावर घालायची काच.

लेथ मी जुना घेतला, तो कातारीबाईंकडून. त्यांचं हे पोटापाण्याचं काम, आणि रविवारी त्या कारखान्याच्या मागच्या खोलीत हौशी लोकांना शिकवतात. "चार वर्ग तरी करा, गुरुजी," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, मी आयुष्यभर शिकवतोय. शिकायचं कसं ते मला ठाऊक आहे."

"मग तर याच. शिकवणाऱ्यांना जरा जास्त वेळ लागतो."

मी हसलो आणि गेलो नाही. त्यांनी पटाश्यांच्या पुडक्याला एक चिठ्ठी बांधून दिली होती: आधी पाठ, मग धार. मी पुस्तक आणलं आणि पाठ केलं, अगदी भागांच्या नावांसकट. पाठ झाला, आता धार, असं म्हणून कातायला लागलो. लिंग चुकलं म्हणून मी मुलांचे किती गुण कापले असतील. इथं चिठ्ठीतला 'पाठ' पुल्लिंगी धरला, आणि पुढे कधी शंकाही आली नाही.

धाकट्याला मीच बोलावलं. "ये, तुला वाडगा करायला शिकवतो." काच एकच होती, ती माझ्या तोंडावर होती. पटाशी त्याच्या हातात, मी खांद्यामागे. "लाव धार, घाबरतोस काय," हे शब्द माझे. पटाशी अडकली, लाकूड सुटलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर आलं. तो डोळा गेला.

इस्पितळात तो सर्वांना म्हणाला, "दादा घरात नव्हता. मीच न विचारता मशीन लावलं." मी तिथंच, कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. काही बोललो नाही. आज सहा वर्षं झाली.

पुतणीने गेल्या वर्षी विचारलं, "काका, मला शिकवाल? बाबांसारखा धसमुसळेपणा नाही करणार मी." मी नाही म्हणालो आणि कारण सांगितलं नाही. तेव्हापासून ती येत नाही. तिने आता वाचावं: तुझे बाबा धसमुसळे नव्हते. ते माझं ऐकत होते.

आजार कळल्यावर मी रविवारच्या वर्गात जाऊन बसलो. कातारीबाईंनी मला लेथसमोर उभं केलं. "पाठ टेकवा."

"कुठे टेकवू? इथं खुर्ची नाही."

त्या हसल्या. "तुमची नव्हे हो, पटाशीची." धारेमागचा उतार, ती पटाशीची पाठ. फिरत्या लाकडावर आधी ती टेकवायची, मग मूठ हळूहळू उचलायची, की धार आपसूक लागते. अडकत नाही. समजावायला त्यांना दोन मिनिटं लागली. मी तिथंच ढलप्यांच्या ढिगावर बसलो. "चक्कर आली का?" त्यांनी विचारलं. "नाही. परत एकदा दाखवा," मी म्हणालो.

म्हणून लेथ पुतणीला, पण एका अटीवर. कातारीबाईंच्या वर्गात एक वर्ष, एकही रविवार न चुकवता. तोवर लेथ बाईंकडे राहील आणि त्या म्हणतील तेव्हाच घरी येईल. काच मात्र आजच न्यावी. फी माझ्या बचतीतून. शाळेचे ग्रंथपाल माझ्याच सांगण्यावरून घरी पुस्तक उघडून कातायला बसले आहेत; त्यांचीही फी त्यातूनच भरावी आणि त्यांना हे कलम वाचून दाखवावं. पुस्तक वाईट नाही. पण हात चुकीचा धरला तर ते आपला हात धरत नाही.

पाच. कपाटातला वाडगा धाकट्याला. बाईंच्या देखरेखीखाली सात रविवार लागले. बुडाशी एक ओरखडा आहे, तो माझा. बाकीचा गुळगुळीत भाग शिकवणीचा.

वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये. ठीक आहे. 'साक्षी' या शब्दात 'अक्षि', म्हणजे डोळा, आहे. धाकट्याकडे तो मागायला मला तोंडही नाही. त्या दिवशी साक्षी दोनच होते. एक माझ्यासाठी खोटं बोलला, दुसरा स्वतःसाठी गप्प बसला. त्या दुसऱ्याची साक्ष ही.

हे पत्र पुतणीने वडिलांसमोर मोठ्याने वाचावं. चौथ्या कलमाशी ते "पुरे गं" म्हणतील. तिने थांबू नये.

लिहून देणार: (सही) दादा, काका, गुरुजी, ज्याला जे लागू असेल ते

समक्ष सही केली ती पाहिली:
१. (सही) कातारीबाई
२. (सही) शेजारचे डॉक्टर. पेनस्टँडं आजच नेतो, म्हणजे साक्षीला हरकत नाही.

राहत्या घरी, लेथच्या खोलीत. गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, सकाळ. लेथ बंद आहे.