मैसूनचं पाणी

३ ऑगस्ट
झालं! मैसूनने यंत्र चालवून दाखवलं. आमच्या जलखात्यात परवा आलेली पोरगी ही! शत्त नदीचं खारट पाणी आत, गोडं पाणी बाहेर. मी ग्लासभर प्यायले. नळाचं पाणी शेवटचं कधी प्यायले, आठवत नाही. तिच्या आईने यंत्राला निळे मणी बांधले — "मेल्यांची दृष्ट लागायला नको!"

५ ऑगस्ट
बसऱ्याच्या पेपरात मैसूनचा फोटो. आमचे साहेब अबू मुनीब सकाळपासून घुश्शात. चहासुद्धा परत पाठवला. "मी काय इथे नुसती खुर्ची उबवली?" उबवलीच की!

९ ऑगस्ट
यंत्राला साहेबांचं कुलूप! म्हणे विजेची परवानगी नाही. शेजारच्या तालुक्याचे साहेबही खूश — "आम्हाला नाही, तर तुम्हाला तरी कशाला?" आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय! इकडे घरोघरी जुलाब.

१४ ऑगस्ट
बहिणीचा नातू लैथ दवाखान्यात. दोन वर्षांचं पोर. सलाइनसाठी शीर सापडेना. बहीण म्हणाली, "तू त्याच खात्यात आहेस ना गं? मग?" तोंड आहे कुठे मला!

१५ ऑगस्ट
साहेबांच्या खोलीत तशीच घुसले. "पोरं मरतील, अबू मुनीब!" तर म्हणतात, "उम्म वाइल, तुम्ही जुन्या. ही उद्या डोक्यावर मिरी वाटेल, तेव्हा कळेल."
तिथून थेट गव्हर्नरकडे गेले. सगळं सांगितलं.

२२ ऑगस्ट
अबू मुनीब घरी बसले. खुर्ची मला! पहिलं काम — कुलूप तोडलं. बाया गच्चीवर येऊन आनंदाने किलकारत होत्या. लैथही घरी आला. खूप रडले.

२८ ऑगस्ट
बाजारात मासळीवाला पैसे घेईना. "तुम्ही मैसूनच्या खात्यातल्या ना?"
मैसूनच्या खात्यातल्या!
जेवण गेलं नाही.

३० ऑगस्ट
टीव्हीवाले आले. मैसून बोलली, "उम्म वाइल खाला भांडली नसती, तर कुलूप निघालंच नसतं." गुणी आहे पोरगी. संध्याकाळी बातम्या पाहिल्या. ते वाक्य कापलेलं. मी मागे, अर्धी, पंख्याच्या आड. माझा मुलगा वाइल हसला — "आई, तुझा खांदा छान आलाय!" त्याला उगीच फाडून खाल्लं.

२ सप्टेंबर
मैसूनच्या बदलीवर सही केली — दूर समुद्रकाठी, फाव गावी. ती नसेल तर यंत्र आठवडाभरही टिकायचं नाही. ठाऊक आहे मला.