विहीणबाई, चादर ओलीच पसरा

पिटकार्नी, मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

स्ट्रॅथबे मुक्कामी विहीणबाई ग्रिझेल यांना पिटकार्नीच्या बेथियाचा मानाचा नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून तो उभ्यानेच केला आहे, तेवढा गोड मानून घ्यावा.

इकडे सगळे खुशाल. माझा गुडघा वारा सुटायच्या आदल्या दिवशी दुखतो, आणि आपल्या किनाऱ्यावर वारा रोजच सुटतो, तेव्हा काय ते समजा. तुमचा खोकला कसा आहे? मी पाठवलेला काळ्या बेरीचा मुरंबा गरम पाण्यातून घेतलात, की नेहमीप्रमाणे पाहुण्यांना दाखवायला फडताळात ठेवलात? अक्षर मॅगीचं आहे, शब्द माझे. मला लिहिता-वाचता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. सात वर्षांची असताना मला शिंपले फोडून गळांना आमिष लावायला बसवलं, ते शाळेचं दार राहूनच गेलं. या पोरांच्या लग्नात पाद्रीबुवांच्या वहीत मी फुली मारली, तेव्हा तुम्ही शेजारीच उभ्या होतात आणि स्वतःचं नाव तीन ओळी भरून लिहीत होतात. (सासूबाई, इथून पुढे जे येईल ते आईचं आहे. मी फक्त लिहिते. — मॅगी)

तर कारण असं की तुमचा आर्ची संघात आला. हसू नका, खरंच आला. वसंतातल्या सुट्टीच्या सोमवारी आमच्या गावचे आठ गडी आगगाडीने तुमच्या गावी गोल्फ खेळायला येतात. नऊ वर्षं आर्ची त्यांच्यातला नववा गडी आहे. नववा गडी म्हणजे आठांचे कोट सांभाळायचे आणि त्यांतला कोणी पाय मोडून पडेल या आशेवर दिवस काढायचा. नऊ वर्षांत कोणाचं नखसुद्धा तुटलं नाही. सहलींचा बेत मात्र सगळा तोच आखतो. कोणत्या गावी कधी जायचं, गाडी कुठे बदलायची, डब्यात वाऱ्याच्या बाजूला कोण बसायचं, ओटची भाकरी किती आणि खारवलेला मासा किती, हे सगळं तो महिनाभर आधी चार कागदांवर लिहितो. गेल्या सालचा बेत इतका चोख होता की आठही गडी वेळेवर गाडीत बसले आणि हा फलाटावर कोट मोजत राहिला. ते आठजण समुद्राच्या वाऱ्यात नुसत्या सदऱ्यावर खेळले, आणि नऊ कोट घेऊन हा संध्याकाळी घरी आला. "पण मोजणी बरोबर भरली, आई," असं वर मलाच सांगत होता.

यात बेथियाचं काय जातं, असं तुम्ही म्हणाल. सांगते. तुमचा मुलगा न्हावी. न्हाव्याचं दुकान सोमवारी बंद. आणि सोमवार हा आमचा धुण्याचा दिवस. (तुमचाही सोमवारच, नाही का? तुम्ही आता मंगळवारी धुता असं कानावर आलं होतं, पण मी कोणाला बोलले नाही.) हा गोल्फला लागायच्या आधी आमचे सोमवार कसे जात होते, ते मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही, कारण तुम्ही वरमाई, मी मुलीची आई. पण आता ऐका. तो मदत करायचा. पाणी किती उकळलं ते घड्याळ लावून पाहायचा. साबणाची वडी किती झिजली ते दोऱ्याने मोजायचा. पन्नास वर्षं मी चादरी पिळतेय, आणि हा माझ्या कोपरापाशी उभा राहून सांगायचा, "आई, डावीकडून पिळलंत तर अर्धा पिळा वाचेल." विहीणबाई, माणूस वाईट नाही. मॅगीवर हात उगारला नाही, दारू सणासुदीलाच, पोरांचे केस फुकट कापतो. पण त्या सोमवारांत दोनदा मी त्याच्याकडे आणि उकळत्या हंड्याकडे आळीपाळीने पाहिलं होतं, हे कबूल करते. (आई, हे लिहायचं? — लिही, म्हणते.) म्हणून कोणीतरी त्याच्या हातात गोल्फची काठी दिली, तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि तो चेंडू बिळात घालण्याचा खेळ मला लगेच आवडला.

आणि आता त्याने शपथ घेतली आहे. परवा मी लापशी ढवळत होते, तर माझ्या मागे उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, "स्ट्रॅथबेला हरलो तर काठ्या चुलीत घालीन आणि सगळे सोमवार घराला देईन." घराला म्हणजे मला. माझ्या हातातला डाव लापशीत पडला. तेव्हा तुमचा मुलगा तुमच्या गावी जिंकला पाहिजे, हा प्रश्न खेळाचा नाही, माझ्या उरलेल्या आयुष्याचा आहे.

आता तो खेळतो कसा? पुस्तकातून शिकलाय. डोकं हलू नये म्हणून डोक्यावर अंडं ठेवून सराव करतो. तीन आठवडे आम्ही जमिनीवरून खरवडलेलं ऑम्लेट खाल्लं. डावं कोपर अंगाशी राहावं म्हणून ते पट्ट्याने बांधतो, आणि तसाच एकदा प्रार्थनेला गेला. वर्गणीची थाळी समोर आली तर हात सुटेना. पाद्रीबुवांना वाटलं कंजूष आहे. दुकानातसुद्धा गिऱ्हाईकाच्या गालावर वस्तरा फिरवताना मनगटाचा सराव चालतो. आमच्या पोस्टमनची अर्धी मिशी त्या सरावात गेली. तो गरीब माणूस महिनाभर पत्रं तोंड एका बाजूला फिरवून देत होता. एवढं करून चौथ्या बिळाला त्याचे फटके अकरा, कधी बारा. तिथे आमचा ओढा आहे, ओढ्याकाठी हिरवळ आहे, आणि त्या हिरवळीवर पिढ्यान्‌पिढ्या आम्हा बायकांचा धुणं पसरायचा हक्क आहे. मैदान गोल्फ मंडळाचं, पण सोमवारी गवत आमचं. पाटीवर नियमच लिहिलाय म्हणे: चेंडू कपड्यावर पडला, तर कपडा खालून ओढून घ्यावा, दंड नाही. आणि ओढणार बाई, कारण तिच्या धुण्याला पुरुषाने हात लावलेला आमच्याकडे चालत नाही.

गेल्या शरदात एका सोमवारी त्याचा चेंडू माझ्या मोठ्या चादरीवर येऊन पडला. ओल्या चादरीवर चेंडू पडला की तो चिखलात पडल्यासारखा जागच्या जागी बसतो. मी चादर ओढली. ओढताना ती थोडी उचलली गेली, थोडी सुरकुतली, आणि चेंडू त्या सुरकुतीत बसून चादरीबरोबर चालायला लागला. चांगला दहा पावलं चालला. मग मी चादरीला एक झटका दिला, आणि तो हिरवळीवर बिळाशेजारी जाऊन उभा राहिला. मी चेंडूला बोट लावलं नाही, विहीणबाई. मी माझी चादर ओढली. हे मी पाद्रीबुवांसमोरही सांगेन. तुमचा लेक चादरीकडे न बघता आकाशाकडे बघत होता, कारण पुस्तकात लिहिलंय की फटका मारल्यावर मान वर ठेवावी. त्या दिवशी चौथं बीळ चार फटक्यांत झालं. तो घरी येऊन म्हणाला, "अंड्याचा गुण आला." मी म्हटलं, "आला बाबा."

त्यानंतर मी शिकत गेले. जाड चादर लांबच्या पल्ल्याला. टेबलावरचं कापड जवळच्या. उशीचे अभ्रे अगदी बिळाच्या तोंडाशी. चढाकडे न्यायचं असेल तर आधी सावकाश, शेवटी जोरात. उताराकडे असेल तर नुसती धार वर करायची, पुढचं काम चेंडू करतो. हिवाळाभर मी गुडघा दुखत असतानासुद्धा एक सोमवार चुकवला नाही. मॅगी म्हणते, आई, तू आजकाल स्वच्छ कपडेही धुतेस. धुते. चादरी कमी पडतात.

मग आली निवडचाचणी, तीही सोमवारीच. वारा असा की बदकं उलटी उडत होती. आर्चीचा चौथ्या बिळाचा फटका चादर ओलांडून पुढे गेला आणि माझ्या धुण्यातल्या एका लांब लोकरी विजारीच्या पायात शिरला. वर नाही, आत. आता नियम काय? कपडा चेंडूखालून ओढायचा, पण चेंडू कपड्याच्या पोटात असेल तर? मंडळाचे तीन जुने सभासद जमले. एक म्हणाला विजार सोलावी. दुसरा म्हणाला, सोलली तर चेंडू हलेल, हलला तर दंड. तिसरा बहिरा, तो म्हणाला विजार कोणाची ते आधी ठरवा. कप्तान मुइरहेड, म्हणजे आमचे शाळामास्तर, ते तोवर पाइप ओढत ऐटीत उभे होते, पण या प्रश्नावर त्यांचा पाइप विझला. मास्तर विधुर आहेत, त्यांचं धुणं माझ्याकडे असतं. अक्षर येत नाही म्हणून मी प्रत्येकाच्या कपड्यावर एक खूण शिवते. मास्तरांची खूण हेरिंग मासा. तो मासा त्या विजारीच्या बसायच्या जागी, ठिगळाच्या बरोबर वर, लाल दोऱ्यात होता, आणि बहिरे आजोबा चष्मा पुसून खाली वाकायला लागले होते. "चेंडू आहे तिथूनच खेळा!" मास्तर ओरडले. "कप्तानाचा निर्णय! ताबडतोब!"

आर्चीने कोपर बांधलं आणि विजारीला फटका मारला. विहीणबाई, मी आयुष्यात पुष्कळ कपडे उडालेले पाहिले आहेत, पण त्या विजारीसारखी झेप नाही पाहिली. दोन्ही पाय पसरून ती ओढ्यावरून गेली, वाऱ्याने वळली, हिरवळीवर उतरली, आणि चेंडू डाव्या पायातून बाहेर येऊन आपल्या आपण बिळात पडला. दोन फटके. मास्तरांनी विजार काखेत मारली आणि तिथेच जाहीर केलं की आर्ची संघात आला, चाचणी संपली, सगळ्यांनी घरी जावं. बाकीच्यांची अजून पाच बिळं व्हायची होती. आर्ची घरी येऊन रडला हो. दाराशी बूटही न काढता रडला. "नऊ वर्षं, आई," एवढंच म्हणाला. त्या क्षणी मला तुमचा हेवा वाटला, की असा बावळट तुमच्या पोटी आला.

आता काम ऐका. तुमच्या मैदानावर धुणं नसतं. तुम्ही स्ट्रॅथबेकर जरा उच्च, कपडे दोरीवर लटकवता आणि शेजाऱ्यांना मोजू देता. पण गवताचा हक्क तुमच्या गावालाही आहे, तो कोणी काढून घेतलेला नाही. तुमच्या सासूबाई तिथेच धुणं घालायच्या. तेव्हा त्या सोमवारी सकाळी चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या बिळाशी आपल्या चादरी पसरा. ओल्याच पसरा, पिळू नका. आर्चीचा चेंडू पडला की दोन्ही कोपरे धरा, पाय जरा फाकवा (मनाची लाज सोडा, खाली काही दिसत नाही), आणि कमरेतून ओढा, खांद्यातून नाही. घाई केलीत की चेंडू मागे राहतो आणि चादर तेवढी पुढे येते. तुमच्या गावच्या गड्याचा चेंडू पडला, तर तीच चादर समुद्राच्या दिशेने ओढायची, आणि वर हसून "माफ करा हं" म्हणायचं. रोज अर्धा तास सराव करा. चेंडू नसेल तर बटाटा घ्या, पण उकडलेला नको.

नातवंडांचे पापे. तुमच्या खोकल्याला आराम पडो आणि तुमच्या चादरींना भोकं नसोत.

तुमची, मानाने एक पायरी खाली असलेली,
बेथिया
(फुली तिने स्वतः मारली आहे.)

ता.क. मॅगीने पत्र वाचून दाखवलं. ऐकताना कळलं की हे पत्रातून शिकवता येण्यासारखं नाही. विजारीचं तर मुळीच नाही. तेव्हा विहीणबाई, असं करा, तुमचा उजवा हात मुरगळला आहे, धुण्याला कोणीतरी हवं, असं आर्चीला लिहा. मला लिहू नका, मी एकदम हो म्हणाले तर बरं दिसणार नाही. मी दोन दिवस नाही म्हणेन. मग येईन. माझ्या चादरी मीच आणीन, तुमच्या पातळ असतात.

आणखी ता.क. (हा मजकूर माझा आहे, सासूबाई. आईला मी म्हटलंय की पत्ता लिहितेय.) यांना पहिल्या सोमवारपासून सगळं ठाऊक आहे. त्याच दिवशी जेवताना मला म्हणाले, "मॅगी, तुझ्या आईसारखा हात या किनाऱ्यावर कोणाचा नाही. बायकांना मंडळात घेत नाहीत. मग मी चादरीवर मारतो, आणखी काय?" तेव्हापासून ते आकाशाकडे बघतात. काठ्या चुलीत घालण्याची शपथ आईला ऐकू जाईल अशा बेतानेच घेतली होती, कारण ती आपण होऊन येते असं तिला वाटल्याशिवाय ती कुठेच येत नाही. गाडीत नऊ जागा राखल्या आहेत, नववी आईची, आणि सामानाच्या यादीत "ओल्या चादरी, बारा" असं लिहिलंय. तेव्हा कृपा करून हात मुरगळल्याचं पत्र आजच्या आज टाका, आणि जमलं तर गुरुवारपर्यंत दोघांनाही तिकडेच ठेवून घ्या. लग्न झाल्यापासून घरात मी एकटी आहे असा एकही सोमवार मला मिळालेला नाही.