गाडी, हूक आणि पट्टा सिंधूच्या नावे

मी, मनकर्णाबाई बेवा भगवानराव खर्चे, वय साठीच्या पुढे, धंदा शेती व भाड्याची गाडी, राहणार मौजे खडकी बोराळे, मोताळ्याच्या अलीकडे, तालुका मलकापूर, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र ओसरीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. 'बेवा' हा शब्द कागदावर घालावाच लागतो असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून घातला. एरवी गावात मला त्या नावाने हाक मारायची कोणाची छाती नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे कुरकुरतात, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला माझे धाकटे दीर इंद्रभानभाऊजी येऊन गेले, ते चहा पिऊन परत गेले.

कागद करण्याचे खरे कारण एकच आहे. माझ्यामागे माझी मुलगी सिंधू हिच्याकडून गाडी काढून घेतली जाईल, अशी मला भीती वाटते. घर आणि शेत जागचे हलत नाहीत. गाडीची चावी मात्र खुंटीवरून उचलली की गेली.

कलम १. राहते घर, तीन खोल्या व ओसरी, सामानासह सिंधूला द्यावे. सिंधू ही माझी एकुलती एक. तिला नवऱ्याने नांदवले नाही आणि ती माघारी आली, हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ते कुजबुजत सांगण्याचे कारण नाही. तिच्या सासरचे माझ्या तेरवीला आले तर त्यांना हाकलू नये. जेवू घालावे, पण शेवटच्या पंगतीत, आणि वाढताना तूप आखडते घ्यावे.

कलम २. नाल्यापलीकडचे शेत विहिरीसह सिंधूला. शेजारचे शेत कचरू तायडे यांचे आहे. माझ्या विहिरीचे पाणी त्यांच्या शेताला कायम मिळावे, त्यांच्यामागे त्यांच्या मुलांनाही. त्यावर सिंधूने किंवा तिच्यामागे येणाऱ्या कोणीही हरकत घेऊ नये. कारण कलम ५ मध्ये येईल. मी हे कचरूंना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बाई, माह्या मोटीचा नाडा जुनाच होता. त्याच्यापायी विहीर देऊन राह्यल्या काय?" मी म्हटले, विहीर देत नाही, पाणी देते, आणि वाद घालायचा असेल तर तो मी मेल्यावर घाला. ते हसले आणि हो म्हणाले.

कलम ३. आमचे जुने ड्रायव्हर किसनराव यांना माझ्या यजमानांचा लोकरी कोट द्यावा. तो त्यांना ढगळ होईल, पण थंडीत मोटारीत बसायला ढगळच बरा. स्वभावाने किसनराव देवमाणूस, पण ओढणीच्या कामात त्यांचा हट्ट होता. कोणाची गाडी रुतली की ते साखळी थेट बंपरला बांधत. एकदा एका व्यापाऱ्याचा सरकीने भरलेला ट्रक काढताना आमचा बंपरच निघाला आणि साखळीला लटकत चिखलात गेला. ट्रक होता तिथेच. व्यापारी आमच्यावरच ओरडला. त्या दिवसापासून हुकांचा विचार सुरू झाला.

कलम ४. आता गाडी. यजमानांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली पिकअप, पुढे दोघांची बैठक आणि मागे उघडा हौदा. आता ती सिंधूच चालवते. आमच्या गावापासून डांबरी सडकेपर्यंत सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात ती चाकाला अशी धरते की चाक कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळत नाही. अशा रस्त्यावर गाडी चालवणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे रुतलेल्याला काढण्याचे.

हूक घ्यायला मी आणि सिंधू खामगावला गेलो. पहिल्या दुकानदाराने चकचकीत हूक समोर ठेवला आणि विचारले, "कापसाचा काटा टांगायचा हाय काय?" सिंधू म्हणाली, "काटा नाही, ट्रक टांगायचा हाय." तो माणूस मग आमच्याकडे न बघता मागच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नये, ही माझी सूचना आहे.

दुसऱ्या दुकानात सिंधूने दोन तास घातले. हूक किती जाड आहे यापेक्षा तो कशाला बसणार हे ती आधी विचारत होती. हूक चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला बसला पाहिजे, मागे पोलादी पट्टी घालून, बोल्ट आरपार. त्याच्या तोंडाला खटका हवा, म्हणजे ओढ ढिली पडली तरी दोर निसटत नाही. मागच्या बाजूला एक असा हूक घेतला. मग ती म्हणाली, पुढे दोन घेऊ.

मी म्हटले, "पुढे काऊन? आपून लोकाइले ओढतो. पुढच्या हुकाचं काय लोणचं घालतं?"

"माय, कधी आपल्यालेही कोनी ओढन."

"भगवानरावाची गाडी ओढाची पाळी आजवर कोनावर आली नाही."

"आली नाही म्हनून येनार नाही काय व?"

मी चिडले होते. यजमान गेल्यावर कोणापुढे हात पसरायचा नाही असे मी ठरवले होते, आणि पुढचा हूक मला हात पसरल्यासारखा वाटत होता. पण पोरीने दुकानदाराला बांधायला सांगून टाकले.

दोराचेही तसेच. मला साखळी हवी होती, कारण साखळी दिसायला दणकट. सिंधू म्हणाली, साखळी ताण घेत नाही, नुसता हिसका देते, आणि तुटली तर कोणाचे डोके फोडील सांगता येत नाही. तारेचा दोर हाताला चिरतो. शेवटी तिने एका जिनिंगमधून यंत्र फिरवणारा जुना पट्टा मिळवला, जाड कापडाचा, वीतभर रुंद. यंत्राला तो निकामी झाला होता, आम्हाला उत्तम. दोन्ही टोके दुमडून चांभाराकडून शिवून घेतली. ओढताना तो थोडा ताणला जातो आणि रुतलेली गाडी हळूच उचलल्यासारखी निघते. तो पट्टा वापरल्यावर धुवावा, सावलीत वाळवावा, त्याला गाठ मारू नये. गाडीने गाडी ओढताना त्याच्या मधोमध ओले पोते टाकावे, म्हणजे तुटला तरी तो उसळत नाही, आणि कोणालाही त्याच्या रेषेत उभे राहू देऊ नये, मग तो सरपंच असला तरी.

कलम ५. गेल्या पोळ्याची हकीकत इथे लिहिणे भाग आहे, कारण गाडी सिंधूला का, याचे उत्तर तिच्यात आहे.

इंद्रभानभाऊजींची सून अन्नपूर्णा, त्यांच्या दयारामची बायको, पहिलटकरीण. पोळ्याच्या दिवशी दुपारी तिला कळा लागल्या आणि सुईण म्हणाली, मूल आडवे आहे, मलकापूरला न्या. सिंधूने गाडी काढली. अन्नपूर्णा हौद्यात गादीवर, मी तिच्या उशाशी. नाला उतरलो, पाण्यातून पार झालो, आणि पलीकडच्या चढावर गाडी आसापर्यंत बसली. भगवानरावांची गाडी.

भाऊजी मागून धावत आले. गावात बैल सजून उभे होते, आदल्या दिवशी खांदे शेकलेले, शिंगांना बेगड. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळते. भाऊजींची जोडी तर मानाची, तोरणाखालून पहिली जाणारी. तरी ते ओरडले, "झूल काढा रे! माही जोडी आना! मी जुपतो!" त्यांचा आवाज फाटला होता. लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी हलेना, आणि कोणी नाहीही म्हणेना.

सिंधू खाली उतरली. पोटरीपर्यंत चिखल. म्हणाली, "काका, बैलं राहू द्या. आज त्याइचा सन हाय. अन् वाजंत्रीनं बिचकलेली बैलं या निसरड्यात पाय मोडून घेतीन. मानसं बोलवा."

"मानसानं गाडी निघते काय व?"

"समोर दोन हूक हायेत, काका. तुमी बोलवा त खरं."

भाऊजींनी बोलावले. पण पट्टा दोन गाड्यांच्या मापाचा, त्याला किती हात लागणार? तेव्हा कचरू म्हणाले, "थांबा, माह्या मोटीचा नाडा आनतो." ते आपल्या वस्तीतली, बुद्धविहारापासची दहा-बारा माणसे आणि तो लांबलचक नाडा घेऊनच परत आले. पट्टा दोन्ही हुकांतून ओवला आणि मध्ये नाडा बांधला. सर्वांत पुढे कचरू, त्यांच्या मागे भाऊजी, मागे दोन्ही वस्त्यांतली माणसे, नव्या कपड्यांत. कचरू आणि भाऊजी या दोघांत बांधावरून वर्षानुवर्षे बोलणे नव्हते, ते आज एका नाड्याला होते. सिंधूने आतून गिअर टाकला आणि हॉर्न दिला. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला नाड्याचे पीळ उलगडायला लागले आणि गाडी हलली. मी अन्नपूर्णेचा हात धरून रडत होते, हे तिने पाहिले नाही, ती स्वतःच ओरडत होती.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. कचरूंचा नाडा पुन्हा मोटीला लावण्याजोगा राहिला नाही.

त्या दिवसानंतर भाऊजी पूर्वीसारखे गाडी विका असे म्हणत नाहीत. आता म्हणतात, "वयनी, गाडी दयारामच्या नावावर करा. चालवन सिंधूच. पन नाव मानसाचं असलं म्हंजे बरं दिसते." त्यांच्या मनात पाप नाही, हे मला कळते. पण जिने चिखलात उभे राहून सांगितले की काय करायचे, तिचे नाव गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात लावले तर कोणाला काय वाईट दिसणार आहे?

म्हणून लिहिते. गाडी, तिची चावी, मागचा एक आणि पुढचे दोन हूक, पट्टा, जॅक व फावडी सिंधूच्या एकटीच्या मालकीची राहतील. तिने दुसरे लग्न केले तरी तिचीच, न केले तरी तिचीच. बाळंतीण व आजारी माणसाकडून तिने भाडे घेऊ नये. रस्त्यात कोणीही रुतलेला असो, काढावा. माझ्याशी भांडलेला असेल तर आधी थोडा वेळ बसवून मग काढावा. नाल्यावर पूल होणार असे ऐकते. झाला तर आनंद आहे, तरी हूक काढू नयेत.

कलम ६. इंद्रभानभाऊजींना मी या कागदाने काहीही देत नाही. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. मला भाऊजींना साक्षीदार करायचे आहे. त्यांची सही खाली असेल तर माझ्यामागे गावात कोणी सिंधूला विचारणार नाही की गाडी कोणाची. ते सही करतील की नाही हे लिहिताना मला माहीत नाही. त्यांच्यासाठी जागा मोकळी सोडली आहे, आणि ते येतील अशी मला आशा आहे.

येणेप्रमाणे राजीखुशीने, वाचून, समजून लिहिले.

मुक्काम खडकी बोराळे, दिनांक ४ एप्रिल १९७१, रविवार.

मनकर्णाबाई भ. खर्चे (सही)

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर असून माझ्या शुद्धलेखनाच्या दोन सूचना त्यांनी नाकारल्या.
शंकरराव, प्राथमिक शिक्षक (सही)

साक्षीदार दुसरा: कागद मास्तरांनी मले वाचून दाखवला. दोनदा वाचाले लावला. वयनीनं माह्यासमोर सही केली. गाडी सिंधूची हाय, मी जिता आहो तोवर कोनी इचारलं त मी सांगीन. एक गोष्ट वयनीनं घातली नाही, ती मी घालतो. सिंधूनं मले गाडी शिकवावी. नात मोठी झाली म्हंजे तिले शाळेत मी नेईन.
इंद्रभान खर्चे (सही)