कागदमुक्त कचेरी

८ फेब्रुवारी २०१०, सकाळी ९
मंदी हटवायला वॉशिंग्टनने पैसा सोडलाय. त्यातून राज्यातल्या रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर आणायचं काम आमच्या आरोग्य खात्याकडे, म्हणजे माझ्याकडे. ३० सप्टेंबरपर्यंत खेड्यांतल्या चाळीस डॉक्टरांचे सहीचे फॉर्म हवेत. नाही आले तर पैसा परत आणि माझी नोकरीही गेली, कारण पगार त्यातूनच. चाळीस म्हणजे किरकोळ. एप्रिलपर्यंत उरकतो.

१० फेब्रुवारी
कचेरी आजपासून कागदमुक्त. केक कापला. फॅक्स मशीन स्वतः स्टेशनरीच्या कपाटात ढकललं. व्हर्नाबाई तेवीस वर्षं इथे कारकून आहेत. म्हणाल्या, मशीन भाड्याचं आहे, वायरी तरी जोडलेल्या राहू द्या. दिल्या राहू. मन मोठं हवं.

१ मार्च
फॉर्म सगळ्यांना ईमेलने रवाना. तळाशी खात्याचा जुना फॅक्स नंबर तसाच राहिला. कोण बघतंय!

१४ एप्रिल
आलेले फॉर्म: शून्य. डॉक्टर लोक विचार करून सही करतात. चांगलं लक्षण.

२ जून
डॉ. ह्रुस्कांकडे अडीचशे मैल गाडी हाणली. म्हणाले, फॉर्म मार्चमध्येच पाठवला. एवढा शिकलेला माणूस, तोंडावर खोटं बोलतो. त्यांच्या बायकोने आंबट रूबार्बचा गोड केक खाऊ घातला. मी विरघळलो नाही. दोन तुकडे खाल्ले.

२० जुलै
कपाटातून टीं टीं. स्मोक अलार्मची बॅटरी गेली असणार. देखभाल विभागाला तिसरी तक्रार. व्हर्नाबाई कपाटाबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी कॉन्फरन्स कॉलवर. हाताने थांबवलं.

९ सप्टेंबर
एकोणीस डॉक्टरांना फोन. एकोणीस जणांचं एकच उत्तर: पाठवला. हा कट आहे. घरी बायकोने, डोरीनने, विचारलं तर म्हटलं, झकास चाललंय. खरं म्हणजे, पन्नाशीला मला कोण ठेवणार? हे इथेच लिहितो. दुसरीकडे बोलायची सोय नाही.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ५
शून्य. वॉशिंग्टनला कळवलं: आमचे डॉक्टर अजून तंत्रज्ञानाला तयार नाहीत. पैसा परत. मीही.

१ ऑक्टोबर
राजीनाम्यावर शाईची सही हवी, आणि तो फक्त फॅक्सने चालतो. व्हर्नाबाईंनी कपाट उघडलं. शोधून शोधून एकोणचाळीस कोरे कागद सापडले, ते ट्रेमध्ये भरले. टीं टीं थांबली. माझं पत्र लावायच्या आत मशीन आपणहून चालू झालं, कागद नव्हता तेव्हापासून आत साठलेलं छापू लागलं.

पहिलाच ह्रुस्कांचा. तारीख १२ मार्च. मग दुसरा, तिसरा. व्हर्नाबाई एकेक सरळ करून माझ्या हातात देत होत्या. मी मोजत होतो. एकोणचाळिसाव्यानंतर पुन्हा टीं टीं.

व्हर्नाबाई म्हणाल्या, "अजून एक अडकलाय, लीलंड. कागद आहे का तुमच्याकडे?"

होता. राजीनामा उलटा करून दिला.