नऊ प्रश्नांचा कागद

४ फेब्रुवारी, मंगळवार

"बाईंना काही झालेलं नाही!" – हे माझ्याकडे बघून नव्हे, धाकट्याकडे बघून. पेशंटच्या स्टुलावर मी बसले होते. माझा धाकटा भाऊ नुसता सोबतीला आलेला, भिंतीलगतच्या खुर्चीवर. पण डॉक्टरांचा सगळा कारभार त्याच्याशी. "घरी कशा असतात? चिडतात का? जेवण जातं का?" मी काय मुकी आहे?

मी सांगितलं ते असं – तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. बसल्या जागी छाती धडधडते. हात कापतात, कपबशी वाजते. थंडीत घाम. झोप नाही.

डॉक्टरांनी ऐकलं ते असं – बाई, वय अडुसष्ट, लग्न नाही, रिटायर, रिकामी.

"या वयात बायकांना होतं असं. कशात तरी मन रमवा." नाडीसुद्धा धरली नाही. हसरा माणूस आहे, दात चांगले आहेत. झोपेची एक गोळी, मन शांत करायची एक, आणि एक छापील कागद – नऊ प्रश्न, घरून भरून आणायचे.

बाहेर आल्यावर धाकटा म्हणतो, "घे ना ताई गोळ्या. बिघडतं काय?" तुझं काय जातंय म्हणायला!

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रश्न वाचले. 'कशातच रस वाटत नाही असं होतं का?' रस आहे – त्या डॉक्टरच्या कानाखाली आवाज काढण्यात! कागद तसाच कोरा जेवणाच्या टेबलावर फळांच्या भांड्याखाली सारला. गोळ्या ड्रॉवरमध्ये. तिथेच शांत पडू देत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकतीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात केसपेपर टाइप केले. डॉक्टर टेपवर बोलून ठेवायचे, मी कानाला हेडफोन लावून उतरवायची. सगळ्यांत जास्त वेग माझा. त्यातली गोम कोणाला सांगितली नाही – पुढचा शब्द मला आधीच ठाऊक असायचा. बाई, पोटात दुखतं – 'चिंता'. बाई, छातीत दुखतं – 'चिंता, घरगुती ताण'. शाळेत काम करणारी एक शिपाईण "दम लागतो" म्हणत चार वेळा आली. चारही वेळा मी तेच टाइप केलं. पाचव्यांदा तिची फाइल आली ती बंद करायला.

पुरुषांचं उलटं. त्यांना मन नसायचंच. 'कामाचा ताण', 'रागीट', 'दारू' – तीन शब्दांत खेळ खलास. 'रडतो' हा शब्द पुरुषाच्या कागदावर मी एकदाच टाइप केला. सही करताना डॉक्टरांचं मन फिरलं. "काढा तो. नोकरी जायची त्याची." मी पांढरा रंग लावला, वर 'पोटाची तक्रार' टाइप केलं. अगदी मापात बसलं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खाडाखोड करणारी मुलगी उद्या खोटं बोलते. सिस्टरना आमचं इस्पितळ दाखवायला हवं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याने चहा सिंकमध्ये ओतला. "पाणचट!" चौसष्ट वर्षांचा घोडा! कारखान्यात फोरमन होता, तिथला आवाज अजून उतरलेला नाही. बायको वारल्यापासून माझ्याकडे राहतो, दोन वर्षं झाली. तिने डोक्यावर बसवून ठेवला होता, आता निस्तरतेय मी. दाढी चार दिवसांची. म्हटलं, "न्हाव्यांचा संप आहे का?" उठून गॅलरीत जाऊन बसला. म्हातारे पुरुष असेच. नाकावर राग, बाकी आत काही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा हसऱ्या डॉक्टरकडे. पुन्हा स्टूल.

"कागद भरलात?"

"नाही. रक्त तपासायचं लिहून द्या."

"बघा!" हे धाकट्याला. "न भरणं हेसुद्धा लक्षणच."

म्हणजे भरला तरी वेडी, नाही भरला तरी वेडी. कोर्टात खुन्यालाही याहून बरी वागणूक मिळते.

निघताना धाकट्याच्या खांद्यावर थाप. "तुम्ही जरा उतरलेले दिसता. फिरायला जात जा. पुरुषमाणूस आहात, खंबीर राहायचं."

"मी मस्त!" धाकटा म्हणाला.

झाली त्याची तपासणी. पाव मिनिट. फी माझ्यातच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चिठ्ठीशिवाय लॅबमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, थायरॉइडची तपासणी कोणी सांगितली?" म्हटलं, "मी." तिने दोनदा वर पाहिलं आणि रक्त घेतलं. एकतीस वर्षं लोकांचे आजार टाइप करणारीला एवढं तरी कळावंच.

घरी येते तो धाकटा मेन स्विचच्या बोर्डावर चिठ्ठ्या चिकटवत होता. 'हॉल'. 'स्वयंपाकघर'. 'गीझर'. "तुला माहीत असलेलं बरं, ताई." मी काय अडाणी आहे? दमले होते. एरवी सोडला नसता.

१६ फेब्रुवारी, रविवार

आणखी अर्धा किलो कमी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. थायरॉइड चौखूर उधळली आहे! तडक दुसऱ्या इस्पितळात, ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी आधी नाडी धरली. मग हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक साधा कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरला. "आणखी दोन महिने काढले असते तर हृदयावर गेलं असतं," म्हणाल्या. मला एकदम रडू आलं. ते त्यांनी कुठेही लिहून घेतलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट हसऱ्या डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. "अरे वा, लवकर कळलं!" कोणामुळे, हे मी सविस्तर सांगितलं. बाहेरचे पेशंट दारातून बघायला लागले होते.

एकटीच गेले. धाकटा म्हणाला, "आज ताकद नाही, ताई." सोबत यायचं म्हटलं की पुरुषांची ताकद बरोबर जाते.

परतले तर त्याची हत्यारांची पेटी जागेवर नाही. वरच्या मजल्यावरच्या सुताराला देऊन टाकली म्हणे. चाळीस वर्षांची पेटी – त्यातल्या मापाच्या पट्टीला बायकोलासुद्धा हात लावू द्यायचा नाही. असो. कोपरा मोकळा झाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तक्रार अर्ज लिहिला. चार पानं, एक खाडाखोड नाही. सोबत रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, आणि पुरावा म्हणून तो कोरा कागद. फळांच्या भांड्याखालून ओढून काढला.

कोरा नाही.

पेन्सिलीने भरलेला. आकडे आणि अक्षरं सरळ, एकेका चौकोनात बसवलेली – कारखान्यातल्या नकाशावर मापं लिहितात तशी. हे अक्षर मी ओळखते. नऊच्या नऊ उत्तरं आहेत. 'रडू येतं का?' – 'जवळजवळ रोज.' 'आपलं घरच्यांना ओझं वाटतं का?' – 'रोज.' नववा प्रश्न मी इथे उतरवणार नाही. त्यालाही खूण आहे. एकदा खोडून पुन्हा केलेली.

नावाची जागा रिकामी. तारीख आहे – ११ फेब्रुवारी. "मी मस्त" म्हणाला तो दिवस.

तेरा दिवस हा कागद माझ्या समोर. त्यावरच्या भांड्यातून मी रोज पेअर उचलून खात होते.

ही वही मागे चाळली. चहा. दाढी. चिठ्ठ्या. ताकद नाही. पेटी. एकही गोष्ट सुटलेली नाही, सगळं माझ्याच अक्षरात. आणि समोर निदानही मीच घातलंय. डॉक्टर बोलायच्या आधीच. सवय!

तो गॅलरीत बसलाय. जाते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कालपासून त्याला एकटं सोडलेलं नाही. सकाळी दहाला नवीन डॉक्टर, बाई आहेत. तो स्टुलावर, मी भिंतीलगतच्या खुर्चीवर. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरी कसे असतात?"

"त्याला विचारा," मी म्हणाले.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मी तोंड उघडलं नाही.