जाजम की घोंगडी

मेहकर,
मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १८५९
(ता. ९ डिसेंबर १९३७)

तीर्थस्वरूप सोजराबाई यांसी, धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या भावाचा खोकला गेला, ते तुरीच्या राखणीले लागले आहेत. आपली पोर कोकिळा आता बाराखडी म्हणते. साखरखेर्ड्याले थंडी कशी आहे? तीन वर्षांत माहं एक पत्र नाही. रागावल्या असाल. रागवाच.

आज लिहाचं कारण असं, की येत्या रविवारपासून शाळेच्या ओसरीत बायकाईचा वाचनवर्ग सुरू होऊन राह्यला. नवीन मास्तराची बायको अन्नपूर्णाबाई, अकोल्याची, तिनं मनावर घेतलं. पंचवीस बायका तयार झाल्या, आणि भांडण कशावरून लागलं म्हणाल तर बसाचं कशावर, याच्यावरून.

रुक्मिणीबाई पाटलीण म्हणे, बाकं आणा. तर तिच्याच सुना म्हणाल्या, सासूसमोर पाय लोंबकळत सोडून आम्ही बसू कशा? बाकं तिथंच संपली. मी म्हटलं, आमच्या घरचं मोठं जाजम पेटीत पडून आहे, ते घ्या. सगळ्या म्हणाल्या, हाव, घेऊ. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई म्हणते, "जाजम नको, घोंगड्या आणू. लोकरीले विटाळ लागत नाही. मग कोणत्याच दिवशी कोणाले उठा लागणार नाही." असं म्हणताना ती माह्याकडेच पाहत होती.

बाई, हिले सांगितलं कोणी? पाटलीण त्या दिवशी तिथंच होती, आणि तिचं तोंड तुमाले माहीत आहे. की तुम्हीच साखरखेर्ड्याहून कळवलं? खरं सांगते, तीन दिवस मी तुमाले मनातल्या मनात शिव्या दिल्या. पैनगंगेवर दोघी बोलताना दिसल्या की वाटे, माहंच चाललं आहे. अन्नपूर्णाबाईनं वाटीभर लिंबाचं लोणचं धाडलं, तर त्याले मी बोट लावलं नाही. आताच काऊन धाडलं असल, म्हणून.

शेवटी काल वाटी परत द्याच्या निमित्तानं तिच्या घरी गेली. सरळच विचारलं, की घोंगड्याचं तुमाले कोणी सुचवलं? ती हसली. म्हणे, सुचवाचं कोणी? अकोल्याले ती अशाच वर्गाले जात होती. दर महिन्याले चार दिवस घरी बसा लागे, आणि शिकलेलं मागं पडे. एकदा दिवस मोजाले चुकली आणि जाजमावर जाऊन बसली, तर सगळ्याईसमोर तिले उठवलं. मग वाटी फडताळात ठेवता ठेवता म्हणाली, "खरं होतं तरी मी आठ दिवस घराबाहेर पडली नाही, कौशल्याबाई. खोटं असतं तर मेलीच असती."

तिले काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. मी रस्त्यानं पदर तोंडाले लावून घरी आली.

सोजराबाई, त्या दिवशी आपल्या ओसरीत तुम्ही पोथी वाचत होत्या. पाटलीण म्हणाली, कौशल्येले असं वाचाले सात जन्म लागतील. पाटी धरून मले तुम्हीच शिकवलं, आणि तुमचंच कौतुक मले सोसलं नाही. "बाई बाहेरच्या आहेत आणि जाजमावर बसल्या," हे मी बोलली. तुम्ही बाहेरच्या नव्हत्या. मले पक्कं माहीत होतं. असल्या गोष्टीचा पुरावा बाईनं चारचौघीत काय द्यावा? तुम्ही पोथी मिटली, उठल्या, आणि दुसऱ्या दिवशी सासरी निघून गेल्या. लोकाईले दाखवाले मी ते जाजम नदीवर नेऊन धुतलं.

तुमचे भाऊ समजत होते, तुमाले सासरची ओढ लागली. आज सकाळी त्याईले सगळं सांगितलं. ते ताटावरून उठून गेले. मग बाहेरूनच म्हणाले, उद्या बैलं जुंपून दमणी साखरखेर्ड्याले धाडतो. हे पत्र त्याच दमणीत देऊन राह्यली. ती रिकामी परत आली तर मी काही विचारणार नाही.

बीबीच्या बाजारातून घोंगड्या आज आल्या. काळ्या आहेत, अंगाले टोचतात. वर्गाले तुमच्यासारखं वाचून दाखवणारी कोणी नाही, पण त्यासाठी या असं म्हणाले मले तोंड नाही. रविवारी सगळ्या बसल्या की पाटलिणीसमोर मी माह्या तोंडानं सांगीन, की त्या दिवशीचं खोटं होतं. तुम्ही आल्या तरी सांगीन, नाही आल्या तरी सांगीन.

तुम्ही "बस" म्हणाल तोवर उभी,
कौशल्या